ई-मेलमधील दुव्याद्वारे अर्ज: एका टिचकीमागील तंत्र, धोके आणि कायदा

वाराणसीच्या संकठा घाटाच्या एका बाजूस शिंदे घाट आहे, तर दुसऱ्या बाजूस गंगामहाल घाट आणि त्यापलीकडे नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट आहे. घाटाच्या वरच्या बाजूस संकठा देवीचे मंदिर आहे. महाराष्ट्रातून काशीयात्रेला जाणारी कुटुंबे या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. पूर्वी या यात्रेची आखणी पत्रव्यवहाराने आणि परिचित तीर्थोपाध्यायांमार्फत होत असे. आता निवास, नौका आणि पूजेची व्यवस्था इंटरनेटवरून करण्याकडे यात्रेकरूंचा कल वाढला आहे. नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक, प्रवासाची तारीख आणि ई-मेल पत्ता एकदा नोंदवला की त्या पत्त्यावर संदेश येण्यास प्रारंभ होतो.

अशा संदेशांमध्ये अलीकडे एक सोय हमखास आढळते. ‘होय, आम्ही येत आहोत’, ‘तारीख बदलावयाची आहे’, ‘आरक्षण रद्द करा’ असे शब्द ठळक अक्षरांत दिलेले असतात. त्यांपैकी एकावर टिचकी मारली की काम होते. कोणताही अर्ज भरावा लागत नाही. प्रत्यक्षात मात्र अर्ज भरला जातो आणि तो पाठविलाही जातो. फक्त तो वाचकाच्या दृष्टीस पडत नाही. विपणनाच्या स्वयंचलित प्रणालींमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीचे स्वरूप, तिच्यातील उणिवा आणि तिच्याशी निगडित कायदेशीर तरतुदी यांचा हा आढावा.

दुव्यात अर्ज कसा सामावतो?

संकेतस्थळावरील अर्ज सर्व्हरकडे पाठविण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. त्यांना ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ अशी नावे आहेत. ‘पोस्ट’ पद्धतीत अर्जातील माहिती विनंतीच्या अंतर्भागात, म्हणजे जणू पाकिटात घालून पाठविली जाते. ‘गेट’ पद्धतीत ती पत्त्यालाच जोडली जाते. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येते आणि त्यापुढे प्रत्येक रकान्याचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि त्या रकान्यातील मजकूर अशा जोड्या येतात. दोन जोड्यांच्या मध्ये ‘अँपरसँड’ हे चिन्ह असते.

याचाच अर्थ असा की, ‘गेट’ पद्धतीचा भरलेला अर्ज हा अखेर एक लांबलचक पत्ता असतो. पत्ता असल्यामुळे तो दुवा म्हणून ई-मेलमध्ये ठेवता येतो. विपणन प्रणाली संदेशाच्या मसुद्यात रिकाम्या जागा सोडते आणि पाठविताना प्रत्येक ग्राहकाचा क्रमांक, आरक्षणाचा तपशील आणि निवडलेले उत्तर त्या जागी भरते. त्यामुळे दहा हजार ग्राहकांना संदेश गेला, तर दहा हजार वेगवेगळे, आधीच भरून ठेवलेले अर्ज रवाना झालेले असतात.

देवनागरी मजकुराच्या बाबतीत येथे एक तांत्रिक अडचण उद्‌भवते. पत्त्यामध्ये रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हेच थेट चालतात. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट व्यापते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटसाठी टक्क्याच्या चिन्हासह ३ वर्ण लिहावे लागतात. ‘संकठा’ या शब्दात स, अनुस्वार, क, ठ आणि काना अशी ५ चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची लांबी ४५ वर्ण होते. म्हणूनच मराठी नावे वा शेरे थेट दुव्यात घालण्याऐवजी केवळ एक संकेतक्रमांक पाठवून मूळ मजकूर सर्व्हरवर ठेवणे श्रेयस्कर ठरते.

पद्धतीचा उगम

ई-मेल आणि अर्ज यांची सांगड जुनी आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या मानकात अर्जांचा समावेश होता. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी ज्यांच्याकडे स्वतंत्र सर्व्हर नव्हता, ते ‘मेलटू’ या प्रकारच्या दुव्याचा आधार घेत. या दुव्यावर टिचकी मारली की पत्ता, विषय आणि काही मजकूर आधीच लिहिलेला नवा ई-मेल उघडतो. १९९८ मध्ये या दुव्याची तपशीलवार व्याख्या करण्यात आली आणि २०१० मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. या पद्धतीचा एक गुण आजही उल्लेखनीय आहे. संदेश पाठविण्याची अखेरची कृती माणसालाच करावी लागते.

ई-मेलमधील दुवा हे विपणनाचे साधन म्हणून किती प्रभावी ठरू शकते, हे हॉटमेलने दाखवून दिले. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी ही सेवा सुरू केली. ग्राहकांनी पाठविलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी विनामूल्य खाते उघडण्याचे निमंत्रण जोडलेले असे. या एका ओळीने सेवेचा प्रसार झपाट्याने झाला आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली.

पुढे संपूर्ण विपणन व्यवहार स्वयंचलित करणाऱ्या प्रणाली आल्या. १९९९ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे सुरू झालेली एलोक्वा ही त्यांपैकी एक होय. २०१२ मध्ये ओरॅकलने ती सुमारे ८७ कोटी डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. २००६ मध्ये स्थापन झालेली मार्केटो २०१८ मध्ये अॅडोबीकडे गेली. एलोक्वामध्ये, न दाखवता अर्ज सादर करणाऱ्या दुव्यासाठी ‘ब्लाइंड फॉर्म सबमिट’ असे नावच रूढ आहे. दुव्यामध्ये अर्जाचे नाव, संस्थेचा क्रमांक आणि हव्या त्या रकान्यांतील मजकूर भरला जातो. ग्राहकाने टिचकी मारताच अर्ज दाखल होतो आणि त्याला आभाराचे पृष्ठ दिसते.

विक्रेत्यांना या पद्धतीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. अर्जात जितके रकाने अधिक, तितके तो अर्धवट सोडून देणारे अधिक. टिचकीचे उत्तर मात्र चटकन मिळते. कार्यक्रमाचे निमंत्रण स्वीकारणे, आवडीचा विषय कळविणे, ० ते १० पैकी एक अंक निवडून सेवेचे मूल्यमापन करणे अशा कामांसाठी ही पद्धत वापरली जाते.

टिचकी नेमकी कोणी मारली?

या पद्धतीचे सारे गणित एका गृहीतकावर उभे आहे. दुवा उघडला, म्हणजे ज्याला पत्र पाठविले त्या व्यक्तीनेच तो उघडला, हे ते गृहीतक होय. आज ते खरे राहिलेले नाही.

संकठा घाटाजवळील एका लहान अतिथिगृहाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका कुटुंबाने कार्तिक पौर्णिमेच्या देवदीपावलीसाठी दोन खोल्या घेतल्या आहेत. या दिवशी काशीच्या घाटांवर दिव्यांची आरास असते आणि गंगेलगतच्या खोल्या दुर्मीळ होतात. आरक्षण मुलाने आपल्या कार्यालयाच्या ई-मेल पत्त्यावरून केले आहे. यात्रेच्या आठवडाभर आधी अतिथिगृहाच्या प्रणालीकडून पत्र येते. त्यात ‘येणार’ आणि ‘रद्द करा’ असे दोन दुवे आहेत. कार्यालयातील सुरक्षा प्रणाली हे पत्र मुलाच्या टपालपेटीत टाकण्यापूर्वी त्यातील दुवे फसवे तर नाहीत ना, हे तपासण्यासाठी दोन्ही उघडून पाहते. दुसरा दुवा उघडताच आरक्षण रद्द होते. आई-वडिलांना घेऊन मुलगा वाराणसीला पोहोचतो, तेव्हा खोल्या दुसऱ्या कोणाला तरी दिलेल्या असतात. अतिथिगृहाच्या नोंदवहीत मात्र ‘ग्राहकाने स्वतः रद्द केले’ असे नमूद असते.

या प्रसंगात कोणीही लबाडी केलेली नाही. सुरक्षा प्रणालीने आपले काम केले आणि आरक्षण प्रणालीनेही आपले काम केले. चूक दुव्याच्या रचनेत आहे.

असा प्रकार केवळ कल्पनेत घडतो असे नाही. मे २००५ मध्ये गूगलने ‘वेब अॅक्सिलरेटर’ नावाची आज्ञावली प्रसृत केली. वापरकर्ता पुढे कोणते पृष्ठ उघडेल याचा अंदाज घेऊन ती पृष्ठावरील दुवे आधीच उघडून ठेवत असे. काही संकेतस्थळांवर नोंद पुसून टाकण्याची सोय साध्या दुव्याच्या रूपात होती. या आज्ञावलीने ते दुवेही उघडले आणि बॅकपॅकसारख्या सेवेतील वापरकर्त्यांच्या नोंदी त्यांच्या नकळत नाहीशा होऊ लागल्या.

वास्तविक याबाबतचा नियम त्याआधीच स्पष्ट होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकात ‘गेट’ ही ‘सुरक्षित’ पद्धत मानली आहे. ती माहिती मागविण्यासाठी आहे, काही घडवून आणण्यासाठी नाही, असा त्याचा आशय आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित मानकातही हे तत्त्व कायम आहे. ई-मेलमधील साधा दुवा ‘गेट’ पद्धतीनेच उघडतो. त्यामुळे अशा दुव्याने अर्ज दाखल करून घेणे हे मुळातच या तत्त्वाशी विसंगत आहे.

मूल्यमापनाच्या प्रश्नांतही असाच घोळ होतो. ० ते १० असे ११ दुवे दिले आणि तपासणी यंत्रणेने ते सर्व क्रमाने उघडले, तर ग्राहकाच्या नावावर ११ उत्तरे जमा होतात. प्रणाली शेवटचे उत्तर ग्राह्य धरत असेल, तर ग्राहकाने पत्र वाचण्याआधीच त्याने सेवेला १० पैकी १० गुण दिल्याची नोंद होते.

यावर तांत्रिक उपाय कोणते?

सर्वांत खात्रीचा उपाय सोपा आहे. दुव्याने केवळ एक पृष्ठ उघडावे. त्या पृष्ठावर ग्राहकाचे उत्तर आधीच भरलेले दिसावे आणि त्याखाली पुष्टी करण्याचे बटन असावे. बटन दाबल्यावर अर्ज ‘पोस्ट’ पद्धतीने जावा. एका टिचकीच्या दोन होतात. मात्र दुसरी टिचकी माणसाची असण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. पृष्ठ उघडताच बटन आपोआप दाबले जाईल अशी आज्ञावली पृष्ठात घालणे हा पळवाटीचा मार्ग आहे. काही तपासणी यंत्रणा पृष्ठावरील आज्ञावलीही चालवून पाहतात, त्यामुळे त्याचा उपयोग होत नाही.

दुसरा उपाय संशयास्पद टिचक्या ओळखण्याचा आहे. पत्र पोहोचल्यावर काही क्षणांतच सर्व दुवे उघडले गेले, किंवा माणसाला न दिसणारा एखादा दुवा उघडला गेला, तर ते काम यंत्राचे असावे असे मानता येते. हा अंदाज आकडेवारी सुधारण्यासाठी उपयोगी आहे. एखाद्याचे आरक्षण किंवा संमती ठरविण्यासाठी तो पुरेसा नाही.

तिसरी बाब दुव्यातील मजकुराची आहे. दुव्यात ग्राहकाचा ई-मेल पत्ता आणि आरक्षणाचा क्रमांक उघडपणे लिहिला असेल, तर कोणीही तो क्रमांक बदलून दुसऱ्याचे आरक्षण रद्द करू शकतो. त्याऐवजी अंदाज बांधता न येणारे, ठरावीक मुदतीचे सांकेतिक चिन्ह, म्हणजे टोकन, वापरणे आवश्यक आहे. टोकन एकदाच चालणारे असेल, तर ते बटन दाबल्यानंतरच बाद करावे. पृष्ठ उघडतानाच ते बाद केले, तर तपासणी यंत्रणा ते आधी वापरून टाकते आणि खऱ्या ग्राहकाला ‘दुव्याची मुदत संपली आहे’ असे उत्तर मिळते.

सदस्यत्व रद्द करण्याच्या सोयीबाबत हा प्रश्न मानकाच्या पातळीवर सोडविण्यात आला आहे. पत्रातील दुवे यंत्रांनी उघडल्यामुळे वाचकांची नावे यादीतून नकळत कमी होत होती. जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८०५८ या दस्तऐवजाने त्यावर तोडगा दिला. पत्राच्या शीर्षभागात एक विशिष्ट ओळ दिलेली असते. वाचकाने ई-मेल सेवेतील बटन दाबल्यावर ती सेवा स्वतःच ‘पोस्ट’ पद्धतीने विनंती पाठविते. या शीर्षओळींवर पाठविणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरीही आवश्यक असते. गूगल आणि याहू यांनी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर जाहिरातपर पत्रे पाठविणाऱ्यांना ही सोय बंधनकारक केली. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला सुमारे ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना गूगलचा हा नियम लागू आहे. वाचकाची विनंती २ दिवसांत अमलात आणावी, अशी अपेक्षा आहे.

पत्रातच अर्ज भरता येईल का?

अर्ज थेट पत्रातच ठेवावा, ही कल्पनाही जुनी आहे. मात्र अनेक ई-मेल सेवा सुरक्षेच्या कारणास्तव पत्रातील अर्ज निष्क्रिय करतात किंवा वापरकर्त्यास इशारा देतात. गूगलने २०१८ मध्ये ‘एएमपी फॉर ई-मेल’ हे तंत्र जाहीर केले आणि २०१९ मध्ये ते जीमेलमध्ये उपलब्ध झाले. त्यात पत्राच्या आतच रकाने भरून माहिती पाठविता येते. त्यासाठी पाठविणाऱ्यास आगाऊ नोंदणी करावी लागते आणि पत्राची सत्यता तपासली जाते. सर्वच ई-मेल सेवांनी हे तंत्र स्वीकारलेले नाही. त्यामुळे अशा पत्राबरोबर साधी आवृत्तीही पाठवावी लागते आणि तीत पुन्हा दुव्याचाच आधार घ्यावा लागतो.

खासगी माहितीचा प्रश्न

दुव्यातील मजकूर हा पाकिटावर लिहिलेल्या मजकुरासारखा असतो. तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदींत साठतो आणि काही वेळा पुढच्या संकेतस्थळालाही कळतो. पत्र कौटुंबिक गटात पुढे पाठविले, तर दुवाही सोबत जातो. मग भाच्याने मारलेली टिचकी मामाच्या नावावर नोंदली जाते.

तीर्थयात्रेच्या संदर्भात हा विषय अधिक नाजूक आहे. काशीला जाण्याचे प्रयोजन अनेकदा अस्थिविसर्जन वा श्राद्ध हे असते. मृत व्यक्तीचे नाव, गोत्र, निधनाची तिथी आणि कुटुंबीयांची नावे अशी माहिती एखाद्या अर्जात भरली जाते. ती उघड्या दुव्यात फिरत राहणे कोणत्याही कुटुंबाला रुचणार नाही.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची रचना असून, माहिती हाताळणाऱ्या संस्थांवरील मुख्य बंधनांसाठी अधिसूचनेपासून १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला आहे.

या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, पूर्ण माहितीनिशी दिलेली, बिनशर्त आणि नि:संदिग्ध असली पाहिजे. ती स्पष्ट होकारात्मक कृतीतून व्यक्त झाली पाहिजे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असेही कायद्यात म्हटले आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. मराठी ही या अनुसूचीतील भाषा आहे. संमती घेतल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्या संस्थेवर आहे. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या कसोटीवर न दिसणारा अर्ज तपासून पाहिल्यास त्याची दुर्बलता लक्षात येते. दुवा यंत्राने उघडला नव्हता, हे संस्थेला दाखवता आले नाही, तर ‘स्पष्ट होकारात्मक कृती’ झाली असे म्हणणे कठीण आहे. पुष्टीच्या बटनाची नोंद हा त्या मानाने बळकट पुरावा ठरतो.

अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार, जाहिराती थांबविण्यासाठी वाचकाला उत्तर पाठविणे किंवा एका पृष्ठावर जाणे यापेक्षा अधिक काही करावयास लावता येत नाही. त्याची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत पाळावी लागते. भारतात व्यापारी दूरध्वनी आणि लघुसंदेश यांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम आहेत आणि १९०९ या क्रमांकावर नको असलेल्या संदेशांबाबत पसंती नोंदविता येते. ही व्यवस्था ई-मेलला लागू होत नाही.

यात्रेकरूंनी कोणती काळजी घ्यावी?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांना लक्ष्य करणाऱ्या बनावट आरक्षण संकेतस्थळांबाबत सावधगिरीचा इशारा दिला होता. त्या पार्श्वभूमीवर पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे हितावह ठरेल.

आरक्षणासाठी शक्यतो वैयक्तिक ई-मेल पत्ता द्यावा. दुव्यावर टिचकी मारण्यापूर्वी तो कोणत्या संकेतस्थळाकडे जातो, हे पाहावे. आरक्षण निश्चित करण्याचे किंवा रद्द करण्याचे पत्र इतरांना जसेच्या तसे पुढे पाठवू नये. आवश्यक तेवढी माहिती स्वतंत्रपणे कळवावी. प्रवासापूर्वी दूरध्वनीवरून आरक्षणाची खातरजमा करावी. एका टिचकीवर पैसे, ओटीपी किंवा आधार क्रमांक मागितला गेल्यास तेथेच थांबावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

लहान व्यावसायिकांसाठीही एक सूचना करता येईल. ‘येणार’ हे उत्तर एका टिचकीवर स्वीकारल्यास फारसे बिघडत नाही. ते चुकले, तरी दुरुस्त करता येते. रद्द करणे, पैसे घेणे आणि संमती नोंदविणे या तीन गोष्टी मात्र पुष्टीच्या बटनाशिवाय करू नयेत.

काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये आलेल्या यात्रेकरूचे नाव, गाव आणि वंशावळ लिहून त्याखाली त्याची स्वाक्षरी घेण्याची प्रथा आहे. अनेक मराठी कुटुंबांना आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर अशाच वहीत पाहावयास मिळाले आहे. नोंद लिहिणारा कोणीही असो, ती मान्य असल्याची खूण यात्रेकरूने स्वतःच्या हाताने करावयाची, असा तेथील रिवाज आहे. ई-मेलमधून अर्ज स्वीकारणाऱ्या प्रणालींनाही हीच कसोटी लावावी लागेल.